रकान्यातलं गाव

"तिकडे कुठे राहायचं ठरवलंय?" वकिलातीतल्या काचेपलीकडच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं आणि तिच्या नवऱ्याने नेहमीप्रमाणे घसा खाकरून उत्तर दिलं, "राजधानीत. माझा धाकटा भाऊ असतो तिथे. त्याच्याच इमारतीत, दोन मजले खाली." कारकुनाने पेन बाजूला ठेवलं. "साहेब, मी बाईंना विचारतोय. नोकरी त्यांना मिळालीय, अर्ज त्यांचा आहे. तुम्ही, तुमची आई आणि मुलगी, तुम्ही सगळे त्यांच्यासोबत जाताय." बोलण्यात उर्मटपणा नव्हता. दिवसातून पन्नासदा करावी लागणारी दुरुस्ती त्याने केली होती, इतकंच. पण तिला मात्र, उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय खाली टाकावा आणि एकदम जमीनच लागावी, तसा हिसका बसला. "बाई?" राजधानी हा शब्द जिभेवर तयार होता. पंधरा दिवस घरात उठताबसता तोच तर चालला होता. तिने तोंड उघडलं आणि तिच्याच कानांना भलतं काहीतरी ऐकू आलं, "अजून ठरलं नाही." नवऱ्याची मान गर्रकन वळली. कारकुनाने खांदे उडवले, कागद खालच्या फटीतून परत सरकवला. "मग हा रकाना सोमवारपर्यंत भरून आणा. कुठे राहणार, आणि तेच ठिकाण का. दोन ओळी पुरे. पण तुमच्या शब्दांत."

बसमध्ये खिडकीशी ती बसली आणि नवरा शेजारी. तो शाळेत भूगोल शिकवायचा. नद्यांची उगमस्थानं, वाऱ्यांच्या दिशा, कुठल्या देशात काय पिकतं, सगळं त्याला तोंडपाठ होतं, आणि स्वतः मात्र तो या शहराच्या बाहेर चारदाच गेलेला. त्यातही एकदा रस्ता चुकून. "अजून ठरलं नाही, म्हणजे?" त्याने विचारलं. "घाबरून बोलून गेले," ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं," तो म्हणाला आणि त्याचं समाधान झालं. त्याचं समाधान लवकर व्हायचं, हा त्याचा गुण होता आणि दोषही. तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. आतल्या कप्प्यात, अस्तराच्या मागे, दुसरं पत्र होतं. पहिलं पत्र राजधानीतल्या मोठ्या रुग्णालयाचं. ते घरात सगळ्यांनी वाचलं होतं, सासूबाईंनी दोनदा. ती कृत्रिम पाय बनवायची. अठरा वर्षं तिने हेच केलं होतं. अपघातात, आजारात पाय गेलेल्यांच्या उरलेल्या पायाचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा, तो कानशीने घासून आकाराला आणायचा, त्यावरून खोबण बनवायची. अशी की माणसाने त्यात पाय घालावा आणि थोड्या वेळाने विसरून जावं. राजधानीतल्या रुग्णालयात हे सगळं यंत्र करत होतं. तिने पडद्यापुढे बसून यंत्राचं काम तपासायचं होतं. दुसरं पत्र त्याच देशाच्या टोकाला असलेल्या बंदराच्या गावातून आलं होतं. तिथे एक छोटी कार्यशाळा होती, तीन माणसांची. तिथल्या मुख्य बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांना हाताने काम करणारं माणूस हवं होतं. दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. त्याच दिवशी धाकट्या दिराचा फोन आला, नवऱ्याने दोन्ही पत्रांचं सांगितलं. भावजी वयाने धाकटे, पण घरातून विमानात सगळ्यांच्या आधी बसल्यामुळे आपोआप थोरले झालेले. "वहिनी, त्या गावाला नकार कळवून टाका बरं का. उगाच बिचाऱ्यांना ताटकळत ठेवू नका." ती "हो" म्हणाली. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "कळवलंस ना?" तेव्हाही ती "हो" म्हणाली. सतरा वर्षांच्या संसारातलं हे तिचं पहिलं धडधडीत खोटं. ते इतक्या सहज निघालं, की जणू कितीतरी वर्षं दाराशी चपला घालून बसलं होतं.

का कळवलं नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. लिहायला बसली की हाताला मुंग्या यायच्या. ते गाव तिने पाहिलं नव्हतं, तिथे तिचं कोणी नव्हतं. बस सिग्नलला थांबली. बाहेर एका दुकानाचं शटर रंगवत होते, आणि ताज्या चुन्याचा वास कुठून येतोय म्हणून ती शोधायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की वास बाहेर नाही. तो लहानपणीचा होता. वडील पुलांच्या कामावर देखरेख करायचे. पूल झाला की बिऱ्हाड हलायचं. सहा घरं झाली, सहाही रिकामी, चुना ताजा असलेली. "बाबा, तिथे खिडकी आहे का?" ती विचारायची. "गेल्यावर बघ." "शाळा लांब आहे का?" "गेल्यावर बघ." वडील वाईट नव्हते, कामाच्या धबडग्यात असायचे. पण 'गेल्यावर बघ' हे तिला इतकं पाठ झालं होतं, की पुढे पुढे ती विचारायचीच थांबली. एका घराची खिडकी उघडली की हातभर अंतरावर भिंतच होती. त्या भिंतीवरच्या ओलीच्या डागांना तिने देशांची नावं दिली होती. आणि चौथ्या घरी, ती अकरा वर्षांची असताना, आई दारात उभी राहिली, काखेत गाठोडं, आणि आत बघून अगदी हळू म्हणाली, "इथे नको." वडील सामान उतरवून घेत होते. त्यांना ऐकू गेलं नसेल, किंवा गेलं असेल. आईने क्षणभर वाट पाहिली. मग पदर खोचला, कोपऱ्यातला झाडू उचलला आणि झाडायला लागली. त्या घरात ते साडेतीन वर्षं राहिले. त्या दोन शब्दांबद्दल आईला तिने कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला आई नव्हती.

आणि मग लग्न झाल्यावर सासरचं घर, ते तर होतंच तिथे. मग हा आताचा फ्लॅट. मुलगी झाली तेव्हा ती इस्पितळात होती. नवरा आणि भावजी मोठ्या आनंदाने आले, "वहिनी, सरप्राइज!" आणि सहा दिवसांच्या बाळाला घेऊन ती थेट नव्या घरी गेली. घर चांगलंच होतं. फक्त स्वयंपाकघराचा ओटा तिच्या छातीशी येत होता, कारण माप भावजींनी स्वतः उभं राहून दिलं होतं. सोळा वर्षं ती फळीवर उभी राहून पोळ्या लाटत होती. यात तक्रार करण्यासारखं काय होतं? फळी होती ना.

दुसऱ्या दिवशी शनिवार, कार्यशाळा अर्धा दिवस. एक केस कापणाऱ्या बाई नवा पाय चालून बघायला आल्या होत्या. दिवसभर उभं राहायचं काम, बोलणं कात्रीसारखं. दोन दांड्यांच्या मधून त्या चालायला लागल्या आणि ती सवयीने डोळे मिटून ऐकत उभी राहिली. टक, सर्र. टक, सर्र. "बोटं घासतायत," ती म्हणाली, "घोट्याशी अर्धा अंश उचलते." "न बघता कसं हो कळतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं. "तुम्हाला नाही का मागून केस बघून माणूस ओळखता येत?" "येतो की! आणि कोण घरी स्वतःच कापून आलंय तेही." दोघी हसल्या. तिने पाना फिरवला. टक, टक. टक, टक. बाई मधेच थांबल्या, दांडे सोडले, दोन्ही हात हवेत धरले आणि तीन पावलं तशाच चालल्या. त्यांचा चेहरा बघून ती दुसरीकडे बघायला लागली. अशा वेळी बघू नये, हे तिला उस्तादांनी शिकवलं होतं. उस्ताद म्हणजे तिला कानस धरायला शिकवणारे म्हातारे कारागीर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी शनिवारी येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे आणि सगळ्यांच्या कामाला नावं ठेवायचे. बाई गेल्यावर तिने त्यांना दोन्ही पत्रांचं सांगितलं. न कळवलेल्या नकाराचंही. हे तिने पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं. उस्तादांनी प्लॅस्टरचा एक अर्धवट साचा उचलला, अंगठा फिरवून बघितला, नाक मुरडलं. "मला का विचारतेस?" "मग कुणाला विचारू?" "तसं नाही. तू ठरवायचं म्हणून विचारतेयस, की ठरवून झालंय म्हणून?" ती हातावरचं प्लॅस्टर खरवडायला लागली. "यंत्राचं काम वाईट नसतं बरं का," ते म्हणाले, "माझ्यापेक्षा सरळ रेघ मारतं ते. प्रश्न त्याचा नाही. तुझ्या हातांना करमणार आहे का, ते बघ. त्यांना विचारलंस?"

हातांना विचारलं नव्हतं. तिने ते प्लॅस्टरने पांढरे झालेले हात धुतले, पुसले, आणि त्याच हातांनी, विचार करायला वेळ मिळायच्या आत, बंदराच्या गावचा नंबर फिरवला. तिथे सकाळ होती. "अहो, मला वाटलं तुम्ही येत नाही!" मुख्य बाईंचा आवाज घोगरा होता, बोटीच्या भोंग्यासारखा. ती त्यांच्या भाषेत अडखळत, शब्द जुळवत बोलत होती आणि त्या मुद्दाम सावकाश बोलत होत्या. तिने सरळ सांगितलं, "येईन की नाही ते राहायचं कुठे यावर आहे. घरात चार माणसं. मला घरं बघायची आहेत." "कधी?" "आत्ता." पलीकडे हसू. "थांबा, कोट घालते." आणि मग समोरच्या छोट्या पडद्यावर एक गाव हलायला लागलं. राखी आभाळ, ओले दगड, उतरता रस्ता, एका दोरीवर वाळत घातलेले मोजे. मुख्य बाई फोन हातात धरून चालत होत्या आणि ती उस्तादांच्या शेजारच्या स्टुलावर बसून चालत होती. "ही पोस्टाची इमारत. ही शाळा, तुमच्या मुलीसाठी. पोस्टापासूनचा हा चढ जरा वाईट आहे." पण तिचं लक्ष पडद्यावर नव्हतंच. तिने नकळत डोळे मिटले होते. दगडावर पाऊल, पाऊल, आणि दर दुसऱ्या पावलाला मागे एक बारीक आवाज, हवा दबून सुटल्यासारखा. चप्प. तिने डोळे उघडले. "बाई, थांबा जरा. तुमचा डावा पाय." "माझ्या पायाचं काय?" "कृत्रिम आहे ना? गुडघ्याच्या खाली. खोबण सैल झालीय. आत हवा जातेय. तुम्ही भरीला जास्तीचे मोजे घालताय. दोन?" पडद्यावर नुसते दगड दिसत होते. बाई उभ्या राहिल्या होत्या. मग कॅमेरा वळला आणि त्यांचा मोठा, वाऱ्याने लाल झालेला चेहरा दिसला. "तीन," त्या म्हणाल्या. "तीन मोजे. आणि हे गावात कुणालाच माहीत नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पाय करतेय. माझा बघायला इथे कोणी नाही." उस्ताद स्टुलावरून वाकून पडद्यात डोकावत होते. भाषा कळत नसूनही त्यांना सगळं कळलं होतं. "सांग तिला," ते म्हणाले, "मागच्या बाजूने भर द्यायला हवी." "ते मला माहीत आहे, उस्ताद," ती म्हणाली. याला आनंद म्हणायलाही तिला भीती वाटत होती.

घरं तीन होती. पहिल्यात सगळं नवं होतं, फरशीत तोंड दिसेल इतकं. दुसऱ्याच्या खिडकीतून अख्खा समुद्र. हे नवऱ्याला आवडेल, ती मनात म्हणाली. पहिल्याला लिफ्ट आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांना बरं, आणि शाळा तिथून जवळ, म्हणजे लेकीला. असं करत करत ती तिसऱ्या घरापर्यंत आली आणि तिच्या लक्षात आलं की तिचं सगळ्यांच्या वतीने घर निवडून झालंय आणि स्वतःच्या वतीने एक अक्षरही सुचत नाहीये. काय हवंय तिला? डोक्यात नुसता चुन्याचा वास. घराकडे कसं बघायचं, काय बघायचं, हे तिला येतच नव्हतं. पाय कसा बघायचा ते येत होतं. "बाई," ती म्हणाली, "एक करा. प्रत्येक घरात परत जाता का? खोलीच्या मधोमध फोन धरा आणि एक मिनिट काही बोलू नका. मला ऐकायचंय." असली विचित्र मागणी कुणी केली असती तर तिनेच वेड्यात काढलं असतं. पण मुख्य बाईंनी प्रश्न केला नाही. तीन मोज्यांवर, तो वाईट चढ पुन्हा चढून, त्या पहिल्या घरात गेल्या. तिने डोळे मिटले. फ्रिजची गुणगुण आणि त्यामागे काही नाही, खोलीने श्वास रोखून धरल्यासारखं. दुसऱ्या घरात समुद्र होता आणि फटीतून शिरणारा वारा. तो एकसारखा शीळ घालत होता आणि मिनिटभरातच तिला कुणीतरी सतत आपल्याला बोलावतंय असं वाटायला लागलं. तिसरं घर बावीस पायऱ्या चढून होतं, लिफ्ट नव्हती, लांबुळकी खोली, दोन्ही टोकांना खिडक्या. मुख्य बाईंची धाप आधी ऐकू आली. ती शांत झाल्यावर खालून एक आवाज वर आला. सर्र, थांबून सर्र, थांबून सर्र. मग कुणीतरी फुंकर मारली. मग पुन्हा सर्र. "खाली कोण आहे?" "सुतार. दारं-खिडक्या करतो. सकाळी आठ ते चार रंधा चालतो. त्यामुळेच तर हे घर कुणी घेत नाही." सर्र. थांबून सर्र. कुणीतरी मन लावून, घाई न करता काम करत होतं. तिचे खांदे खाली आले. इतका वेळ ते वर होते हे तिला तेव्हा कळलं. "हे," ती म्हणाली. आणि मग उगाच, ऐकायला बरं वाटलं म्हणून, पुन्हा एकदा म्हणाली, "हे घर."

ठरवणं सोपं असतं, सांगणं म्हणजे सतीचं वाण. रविवारी सकाळी अकराला नेहमीप्रमाणे भावजींचा फोन आला. जेवणाच्या टेबलावर फोन डब्याला टेकवून उभा केलेला, त्यात भावजींचं कपाळ. नवरा, सासूबाई, लेक असे सगळे समोर. भावजींनी पडद्यांचं कापडसुद्धा निवडलं होतं. "वहिनी, पोपटी. तुम्हाला आवडतो ना?" आवडायचा नाही. सोळा वर्षांपूर्वी एकदा त्यांनी पोपटी रंगाचं काहीतरी आणलं होतं आणि ती छान म्हणाली होती, तेव्हापासून. "भावजी," ती म्हणाली. तिने पाण्याचा घोट घेतला. "मी बंदराच्या गावची नोकरी घेतेय. घर बघितलंय. शाळाही बघितलीय. आपण तिकडे राहणार." फोनमधलं कपाळ मागे सरलं आणि अख्खा चेहरा दिसला. ते आधी हसले. "काय वहिनी! तिथे आहे काय? मासे आणि वारा!" "आणि पाय," ती म्हणाली, "गोदीत कामावर पाय गेलेली माणसं. तिथून राजधानीला जायला त्यांना दिवस लागतो, म्हणून ती जातच नाहीत. मुख्य बाईंनंतर कुणी नसेल तर कुबड्यांवर काढतील आयुष्य." "अहो, पण मी सगळं ठरवलं होतं तुमच्यासाठी." "माहितेय. मनापासून ठरवलंत. पण मला विचारलं नव्हतंत." भावजींचा चेहरा पडला आणि तिला त्यांची खरंच दया आली. परक्या शहरात आपलं माणूस दोन मजले खाली असावं, असं त्यांना वाटत होतं, त्यात त्यांचं काय चुकलं? "सुट्टीत या आमच्याकडे," ती म्हणाली, "लांब आहे, पण या." ते "बघू" म्हणाले आणि फोन बंद झाला.

नवरा टेबलाकडे बघत होता. "नकार कळवला नव्हतास?" "नाही." "मी विचारलं तेव्हा हो म्हणालीस." "हो." "पंधरा दिवस." "पंधरा दिवस." तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला, पाठ करून. त्याच्या पाठीकडे बघताना तिला वाटलं, आता झाडू उचलावा. उठावं, भांडी घासायला घ्यावीत, जाऊ दे म्हणावं. तिचे हात टेबलाच्या कडेवर होते. त्यांनी ती कड धरून ठेवली. शेवटी तीही गॅलरीत गेली. "खोटं बोलले ते चुकलं," ती म्हणाली, "ठरवलं ते नाही चुकलं." तो समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत होता. "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं?" त्याने विचारलं. हा प्रश्न तो तिला विचारत नव्हता, स्वतःलाच विचारत होता. "मी मोठा असून त्याला कधी नाही म्हणालो नाही. हा फ्लॅटसुद्धा. मला तो मागच्या गल्लीतला हवा होता, झाडाचा. तुला आठवतो?" तिला आठवत नव्हता. तिने तो पाहिलाच नव्हता. सतरा वर्षं ज्याच्याशेजारी झोपली त्याच्या मनात एक झाडाचा फ्लॅट होता आणि तिला पत्ताच नव्हता. ती एकदम हसली, आणि ते रडण्याच्या इतक्या जवळचं हसू होतं की तो घाबरून वळला. "पुन्हा माझ्यापासून लपवू नकोस," तो म्हणाला. "पुन्हा माझ्याऐवजी उत्तर देऊ नका," ती म्हणाली. "जमेल?" "तुम्हाला जमेल?" "घसा तरी खाकरू दे," तो म्हणाला.

आत सासूबाई केव्हापासून खाकरतच होत्या. "मला कोणी विचारणार आहे, की मी सामानात?" दोघं आत आले. खरंच, तिने त्यांना विचारलं नव्हतं. भावजींनी तिच्याबाबत जे केलं तेच तिने सासूबाईंच्या बाबतीत केलं होतं, पंधरा दिवसांच्या आत. "आई, चुकलं. सांगा," ती त्यांच्यासमोर बसली. "बावीस पायऱ्या आहेत. लिफ्ट नाही. तुमचे गुडघे. तुम्ही नको म्हणालात तर पहिल्या घराचा विचार करू. गाव तेच, घर दुसरं." सासूबाईंनी हिशेब मांडावा तशी बोटं मिटली-उघडली. "खाली कोण राहतं?" "सुतार. दिवसभर रंध्याचा आवाज येतो." "आवाज येतो?" "येतो." "मग चालेल," सासूबाई म्हणाल्या. "धाकट्याकडे सहा महिने राहून आले. सोन्यासारखी सून, सगळं पांढरं शुभ्र, आणि सकाळी सगळी गेली की संध्याकाळपर्यंत एक भांडं पडल्याचा आवाज नाही. घड्याळाशी बोलत होते मी. तुम्हाला सांगितलं नाही, तो दुखावला असता. पायऱ्या मी बसत बसत चढीन." सगळ्यांनी लेकीकडे बघितलं. ती इतका वेळ फोनवर त्या गावची शाळा बघत होती. "आई, इथे मुलींचा होड्यांचा संघ आहे," ती म्हणाली, आणि मग मान वर करून, "पण तू आजीला विचारलंस, मला नाही." "आता विचारते." "हो," लेक म्हणाली. "लगेच हो? विचार तरी कर." "केला." दुपारी, सगळे आडवे झाल्यावर, ती टेबलापाशी बसली आणि रकाना भरला. कुठे राहणार, ते एका ओळीत मावलं. तेच ठिकाण का, यासाठी तिने तीनदा पेन उचललं आणि शेवटी लिहिलं: तिथे माझ्या हातांना काम आहे आणि घर मी स्वतः बघून निवडलं आहे. सोमवारी खिडकीवर दुसराच कारकून होता. त्याने न वाचताच शिक्का मारला.

त्यानंतर तीन महिने निरोपांत, खोक्यांत आणि सह्यांत गेले, आणि मग एका संध्याकाळी ते चौघं बंदराच्या गावच्या स्टेशनावर उतरले. वारा खरंच होता, भावजी खोटं बोलले नव्हते. सामान वर चढवायला सुतार स्वतः आला, भुवयांवर लाकडाचा भुसा. सासूबाई बसत बसत बावीस पायऱ्या चढल्या आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी बोलल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटीच बाहेर पडली. कामावर नऊला जायचं होतं, आत्ता सात वाजले होते. तिला नुसतं चालून बघायचं होतं. दगड ओले होते, हवेला मीठ होतं. पाव भाजणाऱ्याच्या दुकानापाशी ती उजवीकडे वळली, मग पुन्हा उजवीकडे, आणि एका गल्लीत शिरून भलत्याच अंगणात बाहेर आली. तिथे एक मांजर आणि उलटी ठेवलेली होडी होती. ती चुकली होती. ज्या गावासाठी एवढं महाभारत केलं त्या गावात पहिल्याच सकाळी ती चुकली होती, आणि तिला हसू आवरेना. ती मागे फिरली, अंदाजाने चढ चढली आणि ओळखीच्या चौकात आली. तिथे एक बाई उभी होती, तिच्याच वयाची, हातात सूटकेस आणि काखेत गुंडाळलेली सतरंजी, चेहऱ्यावर झोप नसलेली. बाईने इकडे-तिकडे बघितलं, दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती तिच्याकडेच आली. "माफ करा, तुम्ही इथल्याच ना? स्टेशन कुठे आहे?"

शब्द शोधायला तिला एक क्षण लागला. मग तिने हात वर केला. "सरळ जा," ती म्हणाली, "शाळा लागेल. तिच्यापुढे उतार आहे, दगड ओले आहेत, तिथे सावकाश. पोस्टाशी डावीकडे वळलात की समोरच." "नक्की?" "नक्की. मी इथलीच आहे." बाई आभार मानून निघाली. चौकात कमरेवर हात ठेवून ती तिच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत राहिली. उतारावर सूटकेस जरा घसरली, सावरली. पोस्टाशी बाई थांबली, मागे वळून बघितलं. तिने लांबूनच हात डावीकडे केला, जोरात, अख्ख्या खांद्यातून. बाई डावीकडे वळली.